कोंबडीमागे धावू नका, अंधार पडू द्या

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी एस.टी.तून निवृत्त झालेला माणूस, कोरेगाव तालुक्यात राहतो. नातीच्या हट्टापायी गिरिराजची पिल्लं आणली, पुढे दोन-चार गावरान कोंबड्या आल्या. आज परसात सात कोंबड्या आणि फौजदार नावाचा एक कोंबडा आहे. कापायचा प्रश्नच नाही, सगळ्यांची बारशी झालेली आहेत. अडचण अशी की एकीलाही धड पकडता येत नाही. पोरं टॉवेल घेऊन मागे धावतात, कोंबड्या पत्र्यावर चढतात. एप्रिलमध्ये अशाच धावपळीत एक कोंबडी बसली ती उठलीच नाही. दुसरं, राणी फार जाड झाली आहे, भाजीच्या काट्यावर साडेतीन किलो भरली. अंडी बंद. तिला व्यायाम कसा द्यावा? नात पायाला दोरी बांधून फिरवायचं म्हणते, तसं मोबाईलवर पाहिलंय तिनं. तिसरं, तीच राणी आता लंगडते. तळपायाला काळी खपली आणि सूज आहे. शेजारी म्हणतो, ब्लेडनं खरवडा, हळद भरा आणि माणसाची दुखण्याची अर्धी गोळी द्या. करू का? नातीनं विचारायला सांगितलंय की राणीला रात्री घरात झोपवलं तर चालेल का. — एक आजोबा, कोरेगाव

उत्तर :

काका, नमस्कार.

गोळी देऊ नका आणि ब्लेड लावू नका. हे आधी सांगून टाकते, कारण पत्र इथं छापून येईपर्यंत शेजाऱ्यांचा उत्साह वाढलेला असेल. का नाही, ते पुढे येईलच.

तुम्ही तीन अडचणी लिहिल्यात, पण मला त्या एकाच दुखण्याच्या तीन बाजू दिसतात. कोंबड्या जड झाल्यात आणि माणसाचा हात म्हणजे पाठलाग, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून त्या हाती लागत नाहीत. हाती लागत नाहीत म्हणून पायाची खपली सूज येईपर्यंत कुणाला दिसली नाही. आणि पकडायला गेलं की जड कोंबडी पत्र्यावरून फरशीवर आदळते, त्यात पाय आणखी बिघडतो.

एप्रिलमधल्या त्या कोंबडीवर तुम्ही एकच ओळ लिहिलीत. ती बहुधा उष्म्यानं गेली. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान एरवीच ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, म्हणजे माणसाला जो फणफणून ताप म्हणावा तो तिचा रोजचा. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे उपाय मोजके : चोच उघडी टाकून धापायचं, पंख अंगापासून लांब धरायचे, तुऱ्यातून आणि पायांतून जमेल तेवढी घालवायची. बाहेर चाळिशी गाठलेली दुपार, अंगावर चरबी आणि मागे टॉवेल घेतलेली पोरं, अशा वेळी ते उपाय पुरे पडत नाहीत. नातीला हे सरळ सांगा. धावल्यामुळे झालं हे तिला बहुतेक कळलेलंच आहे. पण उन्हात कोंबडी पळवायची नसते हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं, हेही तिच्या कानावर तुमच्याच तोंडून पडू द्या.

पुन्हा कधी कुठली कोंबडी अशी बसलीच, तर तिला सावलीत न्या. पाय आणि तुरा साध्या थंड पाण्यानं ओला करा आणि वारा घाला. बर्फाचं पाणी नको. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्यानं उष्णता आत कोंडते. मान धरून चोचीत पाणी ओतणं तर अजिबात नको. कोंबडीची चोच कधी हलकेच उघडून बघा, जिभेच्या मुळाशी एक छोटी फट दर श्वासाला उघडते-मिटते. ती श्वासनळी. ओतलेलं पाणी थेट तिथं उतरतं. भांडं पुढं ठेवा, शुद्धीवर आली की आपणहून पिईल. औषध पाजायचं झालं तर चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडायचा आणि तिला गिळू द्यायचं.

आता पकडण्याचं. दिवसा पकडायचंच नाही, हा माझा पहिला नियम. कोंबडीला अंधारात फार कमी दिसतं. दिवेलागणीला ती दांडीवर चढते आणि अंधार पडला की जागची हलत नाही. तुमच्या परसातली सगळ्यात अवखळ गावरान कोंबडीसुद्धा रात्री आठ वाजता फुलासारखी उचलता येते. मोबाईलचा टॉर्च डोळ्यांवर मारू नका. बॅटरीच्या तोंडाला रुमाल बांधा आणि उजेड जमिनीकडे ठेवा. खुराड्यात शिरताना हळू आवाजात काहीतरी बोलत जा, म्हणजे हात अचानक लागून ती दचकत नाही. एस.टी.तल्या थांब्यांची नावं घेतलीत तरी चालेल.

दोन्ही तळवे तिच्या दोन्ही पंखांवर एकदम ठेवायचे, अंगठे पाठीवर, बोटं पोटाच्या बाजूला. पंख मिटलेले राहिले की कोंबडी निम्मी शांत होते, आणि एकच पंख हाती लागला की फडफडून खांदा निखळवून घेते. उचललीत की एक हात छातीखाली सरकवा. तिचे दोन्ही पाय तुमच्या बोटांच्या बेचक्यात येऊ द्या, छाती तळहातावर आणि पुढल्या हातावर टेकू द्या, डोकं तुमच्या कोपराकडे आणि पंख तुमच्या कुशीला लागून. दुसरा हात पाठीवर अलगद. या धरण्यात कोंबडीला पायाखाली आधार मिळतो, आणि आधार मिळाला की ती झटापट करत नाही. शेपटीची बाजू पुढे येते, तेव्हा अंगातला सदरा जुना असू द्या.

छाती मात्र आवळायची नाही. आपल्याला छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वास ओढणारा पडदा असतो, कोंबडीला तसा नसतो. छातीचं हाड खाली-वर हललं तरच तिच्या आत हवा जाते. लहान मुलं मायेनं कोंबडीला घट्ट कवटाळतात, तेव्हा ती शांत झाली असं वाटतं. खरं तर तिचा श्वास कोंडलेला असतो. नातीला हे करून दाखवा : तळहात कोंबडीच्या छातीखाली ठेवला की ते हलणं हाताला कळतं. जे हलतंय ते हलू द्यायचं, एवढं मुलांना लगेच समजतं.

पाय धरून उलटं लटकवणंही बंद. आपल्याकडे बाजारातून कोंबड्या तशाच नेतात, सायकलच्या हँडलला चार-चार लोंबत असतात, आणि उलटी धरली की गप्प होते असं वर सांगतात. ती भीतीनं थिजलेली असते. उलटं केल्यावर पोटातलं सगळं हवेच्या पिशव्यांवर दाबून येतं, आणि गळ्याची थैली भरलेली असली तर त्यातलं खाणं-पाणी तोंडाकडे येऊन श्वासनळीत जाऊ शकतं. वेदना होईल अशा रीतीनं जनावर नेणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. बाजार अजून त्या कायद्याच्या बाहेरच भरतो, ही वेगळी गोष्ट.

कधी दिवसाच धरावं लागेल, जखम झाली किंवा कुत्रं शिरलं म्हणून. तेव्हा धावू नका. वळण्यात कोंबडी माणसाला कधीच हार जात नाही. डालगं एका बाजूनं काठीवर टेकवून उभं करा, खाली मूठभर ज्वारी टाका, काठीला दोरी बांधून लांब बसा. जुना उपाय आहे, गावात अजून कुणाच्या तरी माळ्यावर डालगं सापडेल. नाहीतर दोघांनी दोन बाजूंनी हात खाली पसरून, पावलापावलानं तिला कुंपणाच्या कोपऱ्यात न्यायचं आणि उपरणं वरून टाकायचं. डोळे झाकले गेले की ती बसते. अंडी देत असलेल्या कोंबड्या तर पाठीवर हात येतोय असं दिसलं की आपणहून दबून बसतात. अशी दबून बसणारी तुमच्याकडे असेल तर तिच्यापासून नातीनं सुरुवात करावी.

पकडणं संकटापुरतं ठेवलंत तर प्रत्येक वेळी झटापट होईल. आठवड्यातली एक रात्र ठरवा आणि प्रत्येकीला पाच मिनिटं हातात घ्या. काय बघायचं ते सांगते, कारण आजार लपवण्यात पक्षी फार तरबेज असतात. कोंबडी मलूल दिसते तेव्हा दुखणं बहुधा बरंच पुढं गेलेलं असतं.

छातीच्या मधोमध बोट फिरवा. तिथलं हाड सुरीच्या पात्यासारखं टोचलं तर कोंबडी खंगली आहे, हाड सापडतच नसेल तर जाड झाली आहे. हाड हाताला लागतंय आणि दोन्ही बाजूंना मांस भरलेलं आहे, हे ठीक. मग गळ्याखालची थैली. रात्री ती भरलेली हवी आणि सकाळी दाणे टाकायच्या आधी रिकामी. सकाळीही टम्म आणि तोंडाला आंबूस वास असेल तर दवाखाना गाठा. अशी कोंबडी उलटी धरून ओकवायचा सल्ला लोक देतात, तो ऐकू नका. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं फुंकरून उवा बघा. पायांचे खवले उचललेले, खरबरीत दिसले तर तो खवल्यांखालचा किडा आहे. पाय धुऊन वाळवून व्हॅसलीन किंवा खोबरेल दाबून लावत राहिलं की तो गुदमरतो, पण महिनाभर चिकाटी लागते. शेवटी तळपाय. राणीची खपली अशा एखाद्या रात्री वाटाण्याएवढी असतानाच सापडली असती.

आणि निघताना एक करा. पांढरं फडकं दांडीच्या खालच्या अंगावरून ओढा. लाल रेघा उमटल्या तर तिथं रक्त पिणारे बारीक तांबडे किडे आहेत, आणि त्या रेघा तुमच्या कोंबड्यांचं रक्त आहे. हे प्राणी दिवसा फटीत लपतात आणि रात्री चढतात, त्यामुळे दुपारी कितीही शोधलं तरी दिसत नाहीत. खुराडं रिकामं करून उकळतं पाणी, मग चुना, मग कडक ऊन. शेतात फवारायचं औषध कोंबड्यांवर मारू नका. या चुकीनं सगळं खुराडं एका सकाळीत रिकामं होतं.

आता राणीचा व्यायाम. नातीला म्हणावं, दोरी सोड. पायाला बांधलेली दोरी एका फडफडाटात मांडी निखळवते. पट्ट्याची जाकिटं निघालीत, त्यानं इजा कमी होते, पण कोंबडी कुत्र्यासारखी चालायला जाणारा प्राणी नाही. ती तीन पावलं टाकते, उकरते, चोच मारते, पुन्हा दोन पावलं. तिचा व्यायाम उकरण्यात आहे. तेव्हा उकरायला काहीतरी द्या.

पण त्याआधी खाणं. पत्रात तुम्ही नुसतं ‘जाड झाली’ लिहिलंत, काय घालता ते लिहिलं नाहीत. बहुतेक घरांत काय घालतात ते मला माहीत आहे : सकाळचा भात, रात्रीची भाकरी, मुलांच्या हातचं फरसाण, आणि स्वस्त पडलं म्हणून आणलेलं ब्रॉयलरच्या खाद्याचं पोतं. गिरिराज हा बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेला वाण. परसात हिंडून पोट भरावं, अंडी द्यावी आणि मांसही भरपूर व्हावं, अशा दोन्ही हिशेबांनी केलेला. त्याला जागेवर बसवून भात घातला की तो मांसाच्या बाजूला झुकणारच. ब्रॉयलरचं खाद्य दीड महिन्यात कापायच्या पक्ष्यासाठी असतं. अंड्याच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम लागतं, ब्रॉयलरच्या खाद्यात ते जेमतेम एक टक्का असतं. ते पोतं संपलं की लेअर मॅश, म्हणजे अंड्याच्या कोंबडीचं खाद्य, आणा. दिवसाला कोंबडीमागं ११० ते १२० ग्रॅम पुरे, परसात हिंडून खाणाऱ्या हलक्या गावरान कोंबडीला त्याहून बरंच कमी. एकदा काट्यावर मोजून एक वाटी ठरवा, मग रोज मोजायला नको. फरसाण, पापड, लोणच्याचे खार बंद, मिठाचा त्यांना फार त्रास होतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला लागतो ती खाते. बारीक खडीही असू द्या, कारण कोंबडीला दात नाहीत, दाणा दळला जातो तो पेट्यात, म्हणजे पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत, आणि तिथं खडे लागतात. पावसाळ्यात बुरशी धरलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका कितीही वाया जावो, घालू नका. त्या बुरशीचं विष यकृत खातं.

राणीला उपाशी मात्र ठेवू नका. एकदम खाणं तोडलं तर जाड कोंबडीचं यकृत आणखी बिघडतं. भात-भाकरी बंद, खाद्य मोजून, आणि दोन महिन्यांची मुदत.

मग हालचाल. परसाच्या एका टोकाला खाद्य, दुसऱ्या टोकाला पाणी. एवढ्यानंच दिवसभरात किती फेऱ्या होतात बघा. आंब्याचा, फणसाचा, जो मिळेल तो पाचोळा एका कोपऱ्यात वीतभर थर होईल असा टाका आणि उन्हं कलली की त्यात सगळ्यांत मिळून दोन मुठी ज्वारी किंवा बाजरी उधळा. उद्या पुन्हा तिथंच. तासभर सगळ्या पाचोळा उलटापालटा करत राहतात, आणि तुमची बसून करमणूक होते. मेथीची जुडी किंवा कोबीचा गड्डा दोरीनं मानेच्या उंचीवर टांगा, मान ताणावी लागेल एवढाच, उडी मारावी लागेल इतका उंच नको. राणीला सध्या उडी वर्ज्य आहे. एका बाजूला दोन फूट लांब-रुंद, फूटभर खोल खड्डा करून त्यात भुसभुशीत माती आणि चाळलेली लाकडाची राख घाला. त्या अंग टाकून लोळतील. तेच त्यांचं नहाणं, आणि उवांवरचा पहिला उपायही.

परसाबाहेर सोडायचं तर सूर्य मावळायच्या दीड तास आधी सोडा. अंधार पडायच्या आत खुराड्यात यायची ओढ त्यांना असतेच, तेव्हा कुणी मागे धावायला नको. सोडताना आणि कोंडताना एकच खूण ठेवा, डब्यात दाणे वाजवून ती-ती-ती किंवा तुमच्याकडे जी हाळी असेल ती. दाणे मिळाले नाहीत असं एकदाही होऊ देऊ नका. हे काम नातीचं. पाठलागाची आठवण पुसायला याहून बरा उपाय माझ्याकडे नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचं, तळहातावर दाणे ठेवायचे आणि हात हलवायचा नाही. पहिले काही दिवस कुणी येणार नाही. मग एक धीट येते, तिच्यामागे बाकीच्या. आलेलीला लगेच धरायचं नाही, हे तिच्याकडून वदवून घ्या.

अंडी बंद आहेत त्याला जाडपणा हे एक कारण झालं. खुडूक बसली आहे का, पिसं गाळते आहे का, हेही बघा. दिवस लहान झाले की अंडी कमी होतातच. अंडं येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली तर कोंबडी अंड्यावर आहे, जेमतेम एक मावलं तर नाही. आणि कोंबडी शेपटी पाडून, कुंथत, सारखी अंड्याच्या जागी जाऊन परत येत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. त्यात सकाळची संध्याकाळ करू नका, तसंच दवाखान्यात न्या.

पायाकडे येते. तुम्ही सांगता ते जड कोंबड्यांचं नेहमीचं दुखणं आहे. तळव्याला बारीक जखम होते, खडबडीत दांडीनं, काचेच्या तुकड्यानं किंवा उंचावरून कडक जमिनीवर उतरून. त्यातून स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू आत शिरतात आणि वर काळी खपली धरते. राणी पत्र्यावरून शहाबादी फरशीवर किती वेळा उतरली असेल ते तुम्हाला ठाऊक. आळीतल्या पोरांना ठाऊक.

ब्लेड का नको? माणसाच्या गळवात पू पातळ असतो, टोचलं की वाहतो. कोंबडीच्या शरीरात पू पातळ करणारी रसायनं तशी नसतात, त्यामुळे तो आतल्या आत घट्ट, कोरडा गोळा होऊन बसतो. पिळून निघत नाही. खरवडलं तर वरची खपली जाते, रक्त येतं, गोळा आतच राहतो आणि उघड्या जखमेवर कोंबडी शिटेत उभी राहते. तिथं खाली हाडं आणि स्नायूंच्या दोऱ्या अगदी जवळ आहेत, जंतू तिथवर गेले की पाय जातो. तो गोळा काढायचा असेल तर तो डॉक्टरनं, पायाला भूल देऊन काढायचा.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. रात्री राणीला उपरण्यात गुंडाळून मांडीवर घ्या, डोकं झाकलेलं, पाय बाहेर. हातात मोजे घाला, हे जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात. कोमट पाण्यात मीठ विरघळवून पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. पाणी तुमच्या मनगटाला सुखाचं वाटेल इतपतच गरम. मग स्वच्छ फडक्यानं टिपून कोरडा करा, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. पोव्हिडोन आयोडीन लावा. गॉझची जाड घडी तळव्यावर ठेवून पट्टी बोटांच्या मधून आणि घोट्यावरून फिरवा, घट्ट नाही. अर्ध्या तासानं बोटं गार किंवा निळसर लागली तर पट्टी सोडून पुन्हा बांधा. रोज बदला, भिजली तर लगेच. तेवढे दिवस तिला वेगळ्या खोक्यात, कोरड्या भुशावर किंवा भाताच्या तुसावर ठेवा, दांडी नाही. हळद लावलीत तर पाय पिवळा होईल, नुकसान फारसं नाही, पण तिच्यावर भरवसा ठेवून आठवडा घालवू नका.

खपली लहान असेल आणि सूज नसेल तर एवढ्यावर पाय सुधारतो. तुम्ही मात्र सूज आणि लंगडणं दोन्ही लिहिलंय. म्हणून पहिली पट्टी बांधा आणि दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. नेणं जमत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाबद्दल विचारा. कोंबडीसाठी फोन केला म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

आणि ती गोळी. शेजारी जी म्हणताहेत ती बहुधा डायक्लोफेनॅक असेल, घराघरात तीच असते. जनावरांना हे औषध द्यायला २००६ साली आपल्याकडे बंदी आली, कारण ते दिलेली गुरं मेल्यावर खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. कोंबडीच्याही मूत्रपिंडाला ते बाधतं. अर्धी गोळी म्हणजे साठ-सत्तर किलोच्या माणसाची अर्धी मात्रा, राणी साडेतीन किलोची. दुखणं कमी करायला पक्ष्यांना चालतील अशी औषधं आहेत, पण ती वजन करून, डॉक्टरच देतील. अँटिबायोटिकही दुकानातून आणून पाण्यात मिसळू नका. जे काही औषध मिळेल, त्याच्या बरोबर एक प्रश्न विचाराच : अंडी किती दिवस खायची नाहीत? हा प्रश्न विचारला नाही तर बरेचदा कुणी सांगत नाही.

दांड्याही बदला. राणीसाठी दीड फुटाहून उंच नको, दोन इंच रुंद चपटी फळी, कडा घासून गोल केलेल्या. फरशीवर उतरतात तिथं पोत्यावर भुसा पसरा. पत्र्यावर चढायची वाट जाळी लावून बंद करा.

लसीचं पत्रात काही नाही, तेव्हा थोडक्यात. मानमोडी म्हणजे राणीखेत. या रोगाला औषध नाही, लसच आहे. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास टोचून दुसरी लस, देवीची वेगळी. पिल्लं आणलीत तेव्हा दिली होती का ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. कुपीत शंभरावर मात्रा असतात आणि एकदा विरघळवली की ती थोड्याच वेळात वापरावी लागते, म्हणून गल्लीतल्या कोंबड्यावाल्यांनी एकच दिवस ठरवावा. शेजाऱ्यांचा उत्साह इथं कामाला लावा. नवीन कोंबडी आणली तर तीन आठवडे वेगळी ठेवा. आणि कधी एक-दोन दिवसांत दोन-तीन एकदम गेल्या, तर मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नका, उघड्या हातानं उचलू नका, लगेच दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून अशा खबरेला सरकारी यंत्रणा हलते.

नातीचा प्रश्न राहिला. राणीला रात्री तुझ्या खोलीत झोपवायचं नाही, बाळा. तिच्या पिसांची धूळ आणि शीट, दोन्ही तुझ्या नाकातोंडात जातील, आणि पहाटे फौजदार आरवला की ती उत्तर देईल. पट्टी आहे तोवर तिचं खोकं ओसरीवर ठेवा, मांजर पोचणार नाही असं, आणि जाळीतून तिला बाकीच्या दिसू दे. फार दिवस नजरेआड राहिलेल्या कोंबडीला परत आल्यावर बाकीच्या टोचतात. रोज रात्री आजोबा पाय धुतील तेव्हा बॅटरी तू धरायची. रुमाल बांधलेली. नंतर हात साबणानं धुवायचे, आणि कोंबडीची पापी घ्यायची नाही, कितीही वाटलं तरी.